आमच्या घराची पट्टी

‘‘तिथंच ठेव. पायरीवर.’’

आप्पा ओटीवर खुर्चीत बसले होते. बाबा खाली अंगणात उभे. मी बाबांच्या मागे, कंपनीतून सुटून तशीच आलेली. बाबांनी घरपट्टीचे पैसे पायरीवर ठेवले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर खडा ठेवला.

‘‘भाडोत्री ठेवलेस म्हणं? मालक झालास की रे! आता पट्टी पण मालकासारखी भर.’’

आप्पा हसले. बाबाही हसले. तोंडभर हसले. मला रडू आलं नाही. संताप आला. आप्पांचा नंतर, आधी बाबांचा.

आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला. महाडच्या एमआयडीसीकडे जाणारा रस्ता तिथून जवळ. बाबांनी तिथल्या कारखान्यात जन्मभर पिंपं ढकलली. निवृत्तीच्या पैशात घरामागे दोन खोल्या काढल्या, पाळीवरच्या कामगारांना भाड्याने द्यायला. आमच्या घराण्यात भाडं घेणारा हा पहिला माणूस. किती कौतुक होतं त्यांना त्या खोल्यांचं!

पट्टी भरायची रीत मात्र आज्याच्या वेळची. वाडीतलं कोणी पंचायतीच्या कचेरीत जायचं नाही. पैसे आप्पांच्या अंगणात नेऊन ठेवायचे, ते पुढे भरणार. आप्पा माजी सरपंच, गावकीचे पुढारी. पावती मागायची कोणाची छाती नव्हती. मागितलीच तर, ‘‘माझ्यावर भरोसा नाय?’’ संपलं.

खोल्या झाल्या आणि पंचायतीने आमची आकारणी वाढवली. भाड्याचं घर म्हणून. असू दे. सगळ्यांना एकच नियम असता तर आमची ना नव्हती. पण आप्पांच्या घरामागे भाडोत्र्यांची लांबलचक चाळ आहे. दोऱ्यांवर कपडे वाळतात, सकाळी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. पंचायतीच्या दप्तरी ती चाळ म्हणजे गोठा. पट्टीही गोठ्याचीच. साऱ्या गावाला ठाऊक आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग बाबा गेले. पट्टीची वेळ आली. आय म्हणाली, ‘‘आप्पांकडं ठेवून ये गो.’’ मी कामावर सुट्टी टाकली आणि सरळ कचेरीत गेले. ग्रामसेवकांपुढे पैसे धरले.

‘‘पावती आईच्या नावाने द्या.’’

त्यांनी हात पुढे केला नाही. ‘‘ताई, तुमच्या वाडीचं सगळं आप्पांकडून येतं. उगाच रीत कशाला मोडता?’’

‘‘पट्टी आमच्या घराची आहे.’’

‘‘आप्पांशी बोलून घ्या.’’

पुन्हा गेले. पुन्हा तेच. सरकारचा कर आणि सरकारचा माणूस तो माझ्या हातून घेईना. काय करावं? कोणाला सांगावं? काही सुचेना. मग दारावर नोटीस चिकटली. थकबाकीदार. भर उन्हाळ्यात शिपाई आला आणि नळ तोडून गेला.

आमच्या खोलीत लातूरकडचं जोडपं राहायचं. ती पोटुशी होती. मान खाली घालून म्हणाली, ‘‘ताई, पाण्याबिगर कसं ऱ्हावं?’’ गेली ती आप्पांच्या त्या गोठ्यात. तिची शेगडी मीच रस्त्यापर्यंत नेऊन दिली. तिला थांब म्हणायला माझ्याकडे होतं काय? दुसरी खोलीही तशीच रिकामी झाली.

ग्रामसभेत मी बोलायला उभी राहिले. पुढच्या रांगेतून आप्पा म्हणाले, ‘‘थकबाकीदारानं खाली बसावं.’’ मागून कोणीतरी, ‘‘कानामागून आली नि तिखट झाली!’’ सभा हसली. आमच्या वाडीतलेही दोघं-तिघं हसले. अगदी बाबांसारखे. मी बसले नाही. सभा पुढे चालू झाली. दिवाबत्ती, गटार, रस्ता. मी उभीच.

बाहेर आप्पा जवळ आले. आवाज अगदी मऊ.

‘‘सांजच्याला ये गो अंगणात. बापूस यायचा तशी. उद्या नळ सुरू.’’

त्या मऊपणाची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. एकदा त्या अंगणात जायचं, की पाणी आलं, भाडोत्री आले, आयचं औषध आलं. मी ‘नाय’ म्हटलं. ते माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं.

‘‘नाय येणार.’’

आप्पांचं हसू गेलं.

रात्री जेवताना आय म्हणाली, ‘‘पाण्यात राहून माशाशी वैर करतेस. माझे गुडघे बघ नि मग कर.’’ ती पोलादपूरकडची, डोंगरातली. लहानपणी खालच्या झऱ्यावरून पाणी वाहिलेली बाई. म्हातारपणी पुन्हा तिच्या डोक्यावर हंडा आला, आणि तो मी आणला. हे मला खातं. रोज खातं. कंपनीत माझी पहिली पाळी असते, तेव्हा विहिरीवर तीच जाते.

तालुक्याला अर्ज दिला आहे. बघू म्हणतात. खोल्यांना कुलूप आहे. दर सुट्टीला मी कचेरीत जाते, पैसे पुढे करते. ग्रामसेवक दुसरीकडे बघतात. मी परत येते. पोरीला वेड लागलंय, असं वाडीत म्हणतात. आयलाही तसंच वाटू लागलंय.

वाटू दे. आम्ही भीक मागत नाही, कर भरतो आहोत. उद्या हे घर पडलं, तर पडक्या घराची पट्टीसुद्धा मीच भरीन. माझ्या हाताने. आयच्या नावाने.