मेलचं कडं

सन एकोणीसशे त्रेचाळीस. मी एकवीस वर्षांचा होतो आणि आमच्या तळ्याकाठच्या स्टेशनात मेलगाडीला कडं देण्याचा मान माझा होता. मान म्हणतो ते उगाच नाही. आमच्याकडं मेल थांबत नसे. दोन स्टेशनांच्या मधे रूळ एकच. पुढच्या स्टेशनापर्यंत वाट मोकळी आहे ह्याची खूण म्हणून एक पितळी गोळा असे. तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्याला बांधायचा आणि ते कडं धावत्या इंजिनासमोर उंच धरायचं. फायरमन आधी मागच्या स्टेशनाचं कडं खाली फेकी, मग वाकून माझ्या हातातलं ओढून नेई. इंजिनाची धग गालाला लागते. पाय हलला की संपलं. माझा कधी हलला नाही.

पावसाळा सरला आणि दुष्काळी वडूजकडचा एक गडी नवा खलाशी, म्हणजे स्टेशनातला हरकाम्या, म्हणून आला. मेंढरांमागं वाढलेला, सिग्नलच्या खांबासारखा उंच. मास्तरांनी त्याला खालवर बघितलं आणि मला म्हणाले, "आजपासून कडं हा धरेल. ह्याचा हात वरपर्यंत पोचतो. तू पडलेलं उचलत जा."

"आवं मास्तर, हात पोचतोय, पर काळीज पोचतंय का?"

"बघू थोडे दिवस. जो टिकेल त्याच्याकडं कायमचं."

पडलेलं उचलत जा! तळ्यावर धुणं धुणाऱ्या बाया मेल आली की पिळा हातात तसाच धरून माझ्याकडं बघत. आता त्याच बाया त्याच्याकडं बघू लागल्या. त्यात माझी बायकोही.

"लय ताठ हुबा ऱ्हातोय न्हवं," ती जेवताना म्हणाली. मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

गडी वाईट नव्हता, असं लोक मला सांगत. वाईट असता तर बरं झालं असतं. मला दादा म्हणायचा, माझ्या आधी फलाट झाडून ठेवायचा. तळ्याकडं बघून एकदा म्हणाला, "दादा, येवढं पानी नुस्तंच पडून? आमच्यात असतं तर राखन बसवली असती." सगळे हसले. मी हसलो नाही.

मग एका दुपारी मेल आली. तो कडं धरून उभा, मी इंजिन येतं त्या अंगाला. माझी नजर त्याच्या पायांवर. आज हलतील, आता हलतील. हलले नाहीत. तेवढ्यात फायरमननं फेकलेलं जुनं कडं माझ्या पाठीमागं आपटलं, उतारावरनं घरंगळलं आणि तळ्यात गेलं. मला पाठीला डोळे नाहीत. हे मी मास्तरांनाही तोंडावर सांगितलं.

मास्तर डोक्याला हात लावून धावत आले. मेल आली तिकडं जायची गुळाची मालगाडी स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर खोळंबली होती. तळ्यातला गोळा मास्तरांच्या खोलीतल्या यंत्रात पडल्याशिवाय यंत्र दुसरा गोळा देत नाही आणि गोळ्याशिवाय गाडी हलत नाही.

मी सदऱ्याच्या गुंड्या काढतोय तोवर त्या गड्यानं पाण्यात उडी घेतली.

"आरं थांब! तितं खड्डा हाय!" मी ओरडलो.

रुळाखालच्या भरावाला माती तिथूनच काढली होती. काठालाच दोन पुरुष पाणी. आमच्या म्हशींनाही ते ठाऊक होतं. ह्यानं आयुष्यात ओढ्याचं गुडघाभर पाणी बघितलेलं. सरळ खाली गेला. मी बुडी मारली. कडं त्याच्या दंडात अडकलेलं होतं. त्या कड्यालाच धरून ओढत त्याला काठावर आणला. पालथा घातला, पाणी काढलं.

मास्तर म्हणाले, "बघ रे, जीव जायची वेळ आली तरी गोळा सोडला नाही! कडं आता ह्याच्याकडंच."

"आन् ह्याला भाईर कुनी काडला?"

"तुला पोहता येतं. त्यात काय मोठं?"

घरी गेलो तर तिथंही तेच.

"बया गं, पवाय येत न्हाई तरी उडी घेतली त्यानं!"

"आन् म्या?"

"तुमी काय, रोजच म्हशींसंगं पवताय."

ती रात्र मी कशी काढली ते मला माहीत. पहाटे मात्र डोकं चाललं. उजाडताच घरातला मोठा वाळका भोपळा घेतला, त्या गड्याला खोपटातनं उठवला आणि तळ्यावर नेऊन भोपळा त्याच्या पाठीला करकचून बांधला.

"दादा, ह्ये कशापायी?"

"पवाय शीक. भोपळा बुडू देत न्हाई. फुडल्या बारीला उडी मारलीस तर कुनी म्हनाय नगं, पवाय येत नसताना मारली."

आणि दिला ढकलून.