तीन पडद्यांचं कार्ड

दादाला पुन्हा ट्रक चालवायचा होता, आणि आता ते फक्त कॉम्प्युटरवरच शक्य होतं. तेल्हाऱ्याहून कापसाच्या गाठी आणताना त्याचा ट्रक पुलावरून खाली गेला, तेव्हापासून कमरेखाली त्याला काहीच कळत नाही. मी पुण्यातली नोकरी सोडून अमरावतीला आले ती ‘दोन महिने सांभाळते’ असं म्हणून. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. आईचे गुडघे गेलेले. दादाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत उचलून ठेवणारी घरात मीच.

ट्रक चालवायचा गेम त्यानं माझ्या लॅपटॉपवर पाहिला. स्टिअरिंग मागवलं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालतील असे मी स्टिअरिंगवरच्या बटणांना जोडून दिले. पण चित्र अडकत अडकत चालायचं आणि त्याला मळमळायचं. मग त्यानं हट्ट धरला, तीन मोठे स्क्रीन हवेत. समोर काच, दोन्ही बाजूंना खिडक्या.

बाकीचा कॉम्प्युटर मी जुळवत आणला. अडलं ते ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या भागावर. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मी भांडी घासत असले तरी आतून आवाज यायचा, “आठ जीबीच्या कार्डात तीन स्क्रीन भागत नाही. सोळाचंच पायजे.”

“ते लांब आहे. कॉम्प्युटरच्या डब्यात मावणार नाही. आणि तापतं किती! मे महिन्यात या खोलीत कूलर पुरत नाही.”

“तापू दे. बारा वर्सं इंजिनाच्या बाजूनं बसलो मी.”

सोळाचं कार्ड अकोल्यात एका दुकानात मिळालं. त्या दिवसापुरती आत्या चांदूर रेल्वेहून येऊन घरी बसली. कित्येक महिन्यांनी मी एकटी रेल्वेत बसले होते, तरी बडनेरा सुटायच्या आत दादाचे तीन फोन आले.

दुकानदार भला माणूस होता. मी डब्याचं माप सांगितल्यावर त्यानं आठचं आणि सोळाचं अशी दोन्ही कार्डं काउंटरवर ठेवली. “मॅडम, तुमचा डबा लहान हाय. हे लहान घेऊन जा, निवांत राहाल.”

दादा व्हिडिओ कॉलवर होता. “मोठं दाखव. अजून जवळ घे.”

मी पिशवीतून आईचा शिवणाचा टेप काढला आणि मोजलं. डब्यातला हार्ड डिस्कचा खण काढून टाकला तर मोठं जेमतेम बसत होतं. खरं तर लहान कार्डावर, चित्र थोडं साधं ठेवलं की, तिन्ही स्क्रीन चालले असते. मला ते माहीत होतं. पण मोठं कार्ड असलं तर तो तासन् तास रमेल, मला हाका मारणार नाही, असं माझ्या मनात आलं. मी मोठं घेतलं. जास्त ताकदीचा पॉवर सप्लायही घेतला.

अकोला स्टेशनावर मी फोन बंद केला. खोकं मांडीवर घेऊन चहा प्याले. गाडी आली, थांबली, गेली. मी उठले नाही. पुढची गाडी येईपर्यंत तिथंच बसून राहिले. घरी गाडी लेट होती म्हणून सांगितलं.

कार्ड बसलं. दादानं पहिल्यांदा रिव्हर्स घेतला तेव्हा सवयीनं मागं मान वळवून पाहिलं. आई दारात उभी राहून रडली. मी हसले, आणि मग खरंच दुसऱ्या खोलीत जाऊन झोपले. दर अर्ध्या तासानं त्याला खुर्चीतून थोडं उचलायचं असतं, नाहीतर दाब पडून जखम होते. तो म्हणायचा, “थांब ना, उतार हाय,” आणि मी थांबायचे. मलाही ते सोयीचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं अंग पुसताना माझ्या हाताला ओल लागली. मागं, बसायच्या जागी, रुपयाएवढी जखम झाली होती. त्याला दुखलंच नव्हतं. डॉक्टर मलाच बोलले. घरी येऊन मी कॉम्प्युटरचा प्लग ओढून काढला.

“काहून काढला?” तो ओरडला. “तू मले बांधून ठेवून राहिली या घरात.”

“आणि मला कोणी बांधलंय?”

एवढं कधी बोलले नव्हते. मग तो हळू म्हणाला, “अकोल्याहून आली त्या दिवशी गाडी टायमावर होती. मी मोबाइलवर पाहून राहिलो होतो.”

मी त्याला पोटावर वळवलं आणि पट्टी बदलली.

जखम भरायला सात आठवडे लागले. तो पालथा पडलेला, आणि मी दर दोन तासांनी त्याची कूस बदलायला घड्याळ लावून बसलेली. आधी होते त्याहून जास्त अडकले. कार्डावर धूळ बसली. मला दादाचा राग यायचा, आणि त्याहून जास्त माझाच.

एका दुपारी तो फोनवर कुणाशी तरी बोलताना ऐकू आलं, “बुधवारी येत जाय. मले उचलाले लागते, बाकी काई नाही.” पलीकडे त्याच्या जुन्या ट्रकवरचा क्लीनर होता, पन्नाशीचा, दांडगा माणूस. माझ्याशी दादा त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

आता बुधवारी तो माणूस येतो. दर अर्ध्या तासानं दादाला काखेत धरून उचलतो, मग दोघं स्क्रीनसमोर बसून रस्त्यावरून वाद घालतात. मी दहाला बाहेर पडते आणि चारला परत येते. कुठं जाते ते दादा विचारत नाही, मीही सांगत नाही. बाकीचे सहा दिवस घड्याळ माझ्याकडेच असतं.