सोवळ्याचं पाणी

आमच्याकडे नळ होता. खाली चौकात, चार बिऱ्हाडांत मिळून एक. सकाळी तासभर यायचा, करंगळीएवढ्या धारेनं, आणि उन्हाळ्यात त्या पाण्याला वास मारायचा. गल्लीच्या फरशीखाली पाण्याचा जुना पाइप आणि नाली अगदी खेटून आहेत, आणि पाइप कुठं कुठं फुटलाय ते कुणालाच ठाऊक नाही. त्या पाण्यानं आम्ही कपडे धुवायचो, फरशी पुसायचो. प्यायचं आणि रांधायचं पाणी आई खालच्या मठाच्या विहिरीवरून आणायची.

रामघाटाच्या वरच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, भाड्याच्या. बाबा वेदपाठशाळेत शिकवायचे. त्यांना सगळी संहिता तोंडपाठ, पण शाळेचा दाखला नाही. त्यामुळे कुठल्याही अर्जावर शिक्षणाच्या रकान्यापाशी आले की पेन माझ्या हातात द्यायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. आई देशावरून, म्हणजे मराठी मुलखातून, इथं श्राद्धाला येणाऱ्या यात्रेकरूंचा स्वयंपाक करायची. आठ-दहा पानं असायची, कधी पंधरा. घर त्यावरच चालायचं. पंधरा पानांच्या स्वयंपाकाला पाणी किती लागतं, ते आईच्या कमरेला माहीत होतं.

पहाटे गंगेवर अंघोळ, ओल्या लुगड्यानं विहिरीवर, तांब्याची घागर कमरेवर, साठेक पायऱ्या गल्लीपर्यंत आणि मग आमचा जिना. अशा चार खेपा. वाटेत कुणाला शिवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, कारण पाणी सोवळ्याचं.

नववीत असताना वर्गातली एक मुलगी सकाळीच वही न्यायला आली. आई जिन्याच्या वळणावर घागर टेकवून धापा टाकत होती. मुलगी म्हणाली, "तुम्हारे यहाँ नल नहीं है क्या?"

मी म्हटलं, "नल है. ये तो पूजा का पानी है."

आईनं ऐकलं. मुलगी गेल्यावर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बरं सांगितलंस."

मला वाटलं होतं रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. झाले, अर्थशास्त्र आणि सांख्यिकी घेऊन. पदवीचा कागद बाबांनी काच लावून देवांच्या शेजारी टांगला आणि रोज देवांबरोबर त्यालाही गंध लावायला लागले. मी म्हटलं, काच डागाळतेय. ते म्हणाले, "डागाळू दे." पुढं शहराच्या एका सरकारी दफ्तरात मला करारावर नोकरी लागली. घरोघर जाऊन माहिती गोळा करायची आणि कॉम्प्युटरवर तिचे तक्ते करायचे. गळ्यात ओळखपत्र आलं. ते मी घरी आल्यावरही बराच वेळ काढायची नाही.

दुसऱ्या वर्षी पाण्याचं सर्वेक्षण निघालं. जुन्या मोहल्ल्यांत नवे पाइप टाकायचे होते, पण सगळीकडे एकदम नाही. आमच्या साहेब एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की या वेळी कुणाच्या ओळखीवर किंवा ओरडण्यावर गल्ली ठरणार नाही. जिथं खरी गरज दिसेल तिथं आधी. मला ते फार आवडलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, "आता अंदाजानं नाही, पुराव्यावर काम होणार."

"हो का," आई म्हणाली. "मग ती मिरची दे इकडे."

रामघाट, बालाजी घाटाकडच्या गल्ल्या मला दिल्या, कारण मी तिथलीच आणि मला मराठी येतं. फॉर्मवर दोन मुख्य प्रश्न होते. घरात नळ आहे का? पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागतं का?

मी आमच्या लोकांच्या दारादारांत उभी राहिले. नवी कुर्ती, हातात पेन, गळ्यात ओळखपत्र. काकवा, वहिन्या कौतुकानं बघायच्या, खडीसाखर हातावर ठेवायच्या. आणि प्रत्येक दारात तेच उत्तर. नळ आहे. बाहेरून आणावं लागत नाही. एका घरी तर उंबऱ्याच्या आत तीन भरलेल्या घागरी ओळीनं मांडल्या होत्या, अजून ओघळत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ते सोवळ्याचं गं," त्या म्हणाल्या. मी 'नाही'वर खूण केली.

शेवटी आमचं घर. आई नुकतीच खेप टाकून आली होती, पदर पिळत होती. मी खाटेवर बसून विचारलं, "बाहेरून पाणी आणावं लागतं का?"

"हे काय विचारणं?"

"सगळ्यांना विचारतेय."

"नळ आहे आपल्याकडे. नळ लिही."

मी नळ लिहिला. वास येतो म्हणायची लाज, म्हणून सोवळं. हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं आणि दोघींपैकी कुणीही ते म्हणणार नव्हतं.

त्याच आठवड्यात मी खाली नावाड्यांच्या वस्तीत गेले. तिथली एक बाई चुलीपुढून न उठताच म्हणाली, "पानी नहीं आता, बिटिया. जो आता है उसमें बदबू है. यही लिख दो." मी लिहून घेतलं, पण मनात म्हटलं, यांचं आपलं रडगाणं. लिहायलाही लाज वाटते, पण त्या दिवशी मला आमच्या गल्लीचा अभिमान वाटला होता. आमच्याकडे कुणी असं सरकारपुढं गाऱ्हाणं मांडत नाही, म्हणून.

माझे फॉर्म दफ्तरात सगळ्यांत नीटनेटके निघाले. एकही रकाना कोरा नाही. तक्ता मीच केला. पहिल्या फेरीच्या यादीत नावाड्यांची वस्ती वरच्या नंबरात आली. आमची गल्ली जवळजवळ तळाला गेली. तळाला म्हणजे सुखी. मी ते पान छापून सहीला पाठवलं.

पावसाळ्यानंतर पूर ओसरला की घाटावर गाद राहते, चिकट गाळ. ती पायांबरोबर वर विहिरीच्या पायऱ्यांपर्यंत येते. पितृपक्षातली गोष्ट. घरी बारा पानं सांगितलेली होती, आणि आई तिसऱ्या खेपेला घसरली. घागर सोडली असती तर सावरली असती. तिनं घागर धरून ठेवली. मनगट मोडलं.

डॉक्टरकडून येईपर्यंत दहा वाजले. यात्रेकरू खाली बसून होते, त्यांच्या वडिलांचं श्राद्ध, त्यांना परत कसं पाठवायचं? शेजारच्या वहिनी स्वयंपाकाला आल्या. पाणी कोण आणणार? मी अंघोळ केली, आईचं लुगडं गुंडाळलं आणि घागर घेऊन निघाले. एवढी वर्षं मी ती घागर रोज पाहिली होती, भरलेली कधी उचलली नव्हती. आईनं उचलू दिली नव्हती. म्हणायची, तू अभ्यास कर.

विहिरीवर दोघी जणी होत्या. त्यातल्या एक त्या ओघळत्या घागरीवाल्या काकू. मला बघून दोर ओढता ओढता म्हणाल्या, "या, सरकारी बाई. तुमच्या कागदावर तर आम्ही सगळ्या नळाचं पितो म्हणे."

"काकू, तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं. मग काय सांगू? आपल्यातली पोरगी, एवढी शिकलेली, दारात पेन घेऊन उभी. तिच्यापुढे आमच्याकडे प्यायला पाणी नाही म्हणू?" त्यांनी माझी घागर ओढून घेतली आणि भरली. "आणि तू काय आंधळी होतीस? तुझी आई इथंच तर असते रोज माझ्या पुढे."

दुसरी हसली. मी घागर कमरेवर घेतली. तिसाव्या पायरीवर थांबावं लागलं. त्या दिवशी मी पाच खेपा केल्या आणि प्रत्येक खेपेला तिथंच थांबले.

चार दिवसांनी मी साहेबांच्या खोलीत गेले. करार संपायला दोन महिने होते, आणि आईचा हात बरा होईपर्यंत घरात माझाच पगार होता. मी सांगितलं की माझे फॉर्म चुकीचे आहेत. सगळं सांगितलं, घागरी, सोवळं, माझं घर. त्यांना सोवळं समजावून सांगायला वेळ लागला.

"तर तुम्ही खोटं लिहिलंत," त्या हिंदीत म्हणाल्या.

"नाही मॅडम. लोकांनी जे सांगितलं तेच लिहिलं."

"आणि जे पाहिलंत ते?"

त्यांनी माझे फॉर्म मागवले, एकेक पान उलटलं. इतकं सुबक अक्षर होतं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"नोकरीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी हे पुन्हा करा. विचारू नका. उभ्या राहा आणि मोजा. बाकीच्या गल्ल्यांमध्येही कुणालातरी उभं करावं लागेल आता."

घरी आईला सांगितलं तर ती पहिल्यांदा चिडली. प्लास्टरमधला हात पोटाशी धरून म्हणाली, "बायका ओलेत्यानं येतात, आणि तू तिथं कागद घेऊन उभी राहणार? गल्लीत तोंड दाखवायचंय मला."

बाबा कोपऱ्यात संध्या आटोपत होते. ते म्हणाले, "नळाचं पाणी स्वच्छ आलं तर सोवळ्यात चालतं. मला कधी कुणी विचारलंच नाही."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुन्हा पळी-पंचपात्र हातात घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही. चार. श्राद्धाचे लोक असले तर सात. आणि माघाच्या थंडीत मी पायऱ्यांवर मध्येच दम खायला बसते, तेही लिही."

मी आठवडाभर पहाटे विहिरीच्या वरच्या पायरीवर बसले. मी स्वतः आधी दोन खेपा करायची आणि मग वही घ्यायची. त्यामुळे बायकांनी मला बसू दिलं. चौकाचौकांतल्या नळाखाली बादली लावून ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहिलं. पाण्याच्या बाटल्या तपासायला पाठवल्या. घागरीवाल्या काकू जाता जाता ओरडायच्या, "माझी दुसरी लिहिलीस का? मघाशी तू जांभई देत होतीस." सोवळ्यात बोलायचं नसतं, पण त्या बोलायच्या.

नवा तक्ता झाला तेव्हा आमच्या गल्लीचा नंबर नावाड्यांच्या वस्तीच्या लगेच खाली आला. पहिल्या फेरीतलं काम तोवर सुरू झालं होतं, ते कुणी थांबवलं नाही आणि थांबवायला नकोच होतं. आम्ही दुसऱ्या फेरीत गेलो. दीड वर्ष उशिरा. नीट लिहिलं असतं तर आई पडली त्या वर्षी गल्लीत खोदकाम चालू असतं. हा हिशेब मला कुणी मागितला नाही. आईचं मनगट थंडीत अजून दुखतं, तेव्हा ती शेकत बसते आणि मी दुसऱ्या खोलीत जाते.

माझा करार वाढवला गेला. पुढच्या सर्वेक्षणात फॉर्म बदलला. प्रत्येक प्रश्नापुढे आता दोन रकाने आहेत, एक सांगितलेल्याचा, एक पाहिलेल्याचा. नव्या मुलामुलींना ते मी शिकवते आणि माझा चुकलेला फॉर्म त्यांना दाखवते, माझ्या सहीसकट.

आमच्या गल्लीत नवा पाइप पडला, नालीपासून लांब. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतं. त्याला वास नाही. आई त्याच पाण्यानं सोवळ्यातला स्वयंपाक करते, आणि विहिरीवर आता पाण्यासाठी कुणी जात नाही.