घर हलतंय, भांडी धर

रोलर सुरू करण्याआधी गेनूभाऊ खाली उतरायचे, मागे जाऊन पत्र्याच्या दारावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "पारू, घर हलतंय, भांडी धर." आत भांड्यांची आवराआवर व्हायची आणि घर खरोखरच हलायचं.

घर म्हणजे चार चाकांवरची पत्र्याची खोली. कोळशावर चालणाऱ्या वाफेच्या रोलरमागे ती दांडीने जोडलेली असे. रस्ता पुढे सरकला की संसारही सरके. दुष्काळाच्या साली भंडारदऱ्याकडे रस्त्याचं काम निघालं, तिथे मी नवा ओव्हरसियर होतो आणि गेनूभाऊ रोलरचे ड्रायव्हर. मूळचे मिरजगावचे. मी घाई केली की म्हणायचे, "आपुन रस्ता करायचा रावसाहेब, घाई मागनं येनाऱ्यांनी करायची." मी जाम चिडायचो. पण चिडून रोलर थोडाच पळतो?

त्या डोंगरातली थंडी मात्र त्यांच्या बायकोला, पारूबाईंना सोसेना. पत्रा गारठायचा, सांध्यांतून वारा शिरायचा. गेनूभाऊ रोज संध्याकाळी मोठे दगड रोलरच्या भट्टीत तापवून, गोणपाटात गुंडाळून त्यांच्या पायाशी ठेवायचे. तरी एके सकाळी पारूबाईंनी बजावलं, की थंडी सरेपर्यंत आपण माहेरी जाणार.  लग्न झाल्यापासून गेनूभाऊंनी एकही मुक्काम बायकोशिवाय केला नव्हता.

मग त्यांनी रस्त्याचंच औषध घराला केलं. सगळे सांधे आतून डांबराने लिंपले. वारा बंद झाला. पारूबाई उजाडेपर्यंत गाढ झोपल्या आणि बांधलेलं गाठोडं त्यांनी सोडलंही. गेनूभाऊ दिवसभर कौतुकाने सगळ्यांना खोली दाखवत फिरले असते, पण दुपारी ऊन चढलं, पत्रा तापला आणि डांबर टपटप खाली गळायला लागलं. नेमकं पारूबाईंच्या आईने शिवून दिलेल्या गोधडीवर.  पारूबाईंनी पुन्हा गाठोडं बांधलं.

एसटी तिसऱ्या प्रहरी फाट्यावर यायची. गेनूभाऊ पडेल आवाजात म्हणाले, "सामान हाय. घरातच बस, फाट्यापोत्तर सोडतो." दारावर थाप पडली आणि वरात निघाली. मी शेजारून चालत होतो. वाटेत बॉयलरला पाणी पाजायला थांबले, मग कोळसा घालायला, मग दांडीची खीळ तपासायला. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा एसटीची धूळसुद्धा खाली बसली होती. "गेली वाटतं," गेनूभाऊ म्हणाले. तोंड पाडायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण मिशीला ते जमेना. पारूबाईंनी तिथेच चहा ठेवला आणि सगळा हिवाळा त्या खोलीतच काढला.

गेनूभाऊंची ही चलाखी मी पुढे कितीतरी वर्षं रंगवून सांगत असे. ते गेल्याचं कळलं तेव्हा मिरजगावला गेलो. फार वाईट वाटत होतं. खाटेवर डांबराचे काळे डाग पडलेली तीच गोधडी अंथरली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, गेनूभाऊंनी त्या दिवशी तुम्हाला बरं फसवलं होतं.

पारूबाई गोधडीवरून हात फिरवत हसल्या.

"त्ये काय फशिवत्यात मला! म्या पायी गेले असते तर यष्टी घावली असती, रावसाहेब. रोलरच्या चालीनं यष्टी गाठत न्हाई, येवढं मला कळत न्हवतं व्हय? थाप पडली आन् म्या गुमान भांडी धरली."