गाळलेला दहावा फोटो: एटापल्ली ते वरोरा

वरोऱ्याच्या एका बाईनं मला मातीनं भरलेल्या कंदाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "ताई, भावानं सिंदेवाहीच्या जंगलातून आणला. शिवरात्रीच्या उपवासाला कसा करू?" तिथून हा प्रवास सुरू झाला.

आधी माझं सांगते. मी ऊर्जानगरात क्वार्टरमध्ये राहते, आमचे हे पॉवर हाऊसमध्ये शिफ्टवर. मी चौथी पास, तीही ढकलून. फोटो टाकायच्या ॲपवर माझं रानभाज्यांचं पान आहे. वाचायला जड जातं अशा बाया तिथं जास्त, कारण मी लिहीतच नाही. तरोट्याची भाजी खुडली, धुतली, चिरली, फोडणीत टाकली, ताटात वाढली. पाच फोटो. बोटानं सरकवा आणि शिका. (हे एवढं मी फोनमध्ये बोलून लिहिते, चुका लेक काढते.)

हा कंद मला माहीत नव्हता. "माहीत नाई" एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. पण चार हजार बाया मला ताई म्हणतात. मी लिहिलं, "थांब. शिकून सांगते." शिवरात्रीला तीन दिवस होते. बाईच्या नावाच्या जागी नुसतं 'वैशू वरोरा' आणि तोंडाच्या जागी गुलाबाचं फूल. मी तरी कशाला जास्त विचारते.

पहिला दिवस

एटापल्लीकडे जायचं असेल तर चंद्रपूरहून सकाळची पहिली अहेरी गाडी पकडा. नंतरच्या गाडीत उभं राहावं लागतं. बायांना अर्धं तिकीट, तेवढाच नफा. गोंडपिपरीला गाडी दहा मिनिटं थांबते. तिथला आलूबोंडा गरम असेल तरच घ्या, थंडा असेल तर त्याच्यानं खिडकीची काच फुटेल.

आष्टीचा वैनगंगेचा पूल ओलांडला की रस्ता तुमचा राहत नाही. लोखंडाच्या दगडाचे ट्रक एकामागं एक. झाडांची पानं लाल, माणसं लाल, पळस फुलला तोही त्या धुळीत ओळखू येईना. बाजूच्या आजीनं पदर नाकाला लावला आणि मला म्हणाली, "तोंड बंद ठेव बाई. इथी बोलणाऱ्याच्या पोटात रस्ता जाते."

आलापल्लीला उतरून काळी-पिवळीनं एटापल्ली. जीपवाला बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, त्याच्याशी भांडू नका. मी भांडले. तेरावा माणूस घेतला त्यानं.

एटापल्लीला मैनीबाईची सून सुनीता घ्यायला आली होती, मोटारसायकल घेऊन. मैनीबाईची माझी ओळख चंद्रपूरच्या बचत गटाच्या प्रदर्शनातली. ती बांबूच्या टोपल्या विकत होती, मी मोहाचे लाडू. ती माडिया बोलते, मराठी तुटक. जंगलातलं तिला विचारावं. तिच्या गावापर्यंत पुढं तासभर कच्चा रस्ता, आणि फोनचे दांडे एटापल्लीतच संपतात. रोख पैसे जवळ ठेवा आणि घरच्यांना आधीच फोन करून घ्या.

दुसरा दिवस

मैनीबाईनं फोटोतला कंद पाहिला आणि फोन माझ्या हातात परत ठेवला.

"कडू," ती म्हणाली.

सुनीतानं पुढचं सांगितलं. "आई म्हणते, हा तसाच खाल्ला तर माणसाचं डोकं घुमते, ओकते. जास्त खाल्ला तर मरते बी."

"मंग तुम्ही काऊन खाता?"

"आमाले करता येते म्हणून."

करणं मी सगळं पाहिलं. वेल ओळखून कंद खणला. राखेच्या हातानं सोलला, नाहीतर खाज सुटते. कागदासारख्या पातळ चकत्या केल्या. राख टाकून उकळलं, पाणी फेकलं. मग चकत्या टोपलीत भरून नाल्याच्या धारेत ठेवल्या, वर दगड. तिथं आधीच दोन टोपल्या होत्या. एकीजवळ काठावर दोन दगड मांडलेले, दुसरीजवळ चार. रोज सकाळी मैनीबाई येते, चकत्या खालीवर करते आणि एक दगड मांडते. चार दगड झाले की एक तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा. चुणचुणलं तर पाचवा दगड.

चार दगडांची टोपली तिनं उचलली, घरी नेली, पुन्हा उकळून मीठ-मिरची टाकली आणि पळसाच्या पानावर माझ्यापुढं ठेवली. म्हणजे चार दिवसांचं काम मी एका दुपारी पाहिलं. आमच्या टीव्हीवर नाही का दाखवत, इकडं कढई चढवली आणि तिकडून शिजलेलं पातेलं काढलं.

मी फोटो काढत होते तेव्हा मैनीबाई सुनीताला काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या.

"काय म्हणते?"

"आई म्हणते, येर दिसते, टोपली दिसते. थांबणं कसं दिसन फोटोत?" येर म्हणजे पाणी.

"दिसते, दिसते," मी म्हटलं. मला एटापल्लीची शेवटची रेंज गाठायची घाई होती.

संध्याकाळी एटापल्लीच्या लॉजवर पोहोचले. खोली साधी, गरम पाणी मागितलं तर बादलीभर मिळतं, जेवण खाली खानावळीत, भात आणि वांग्याची भाजी, चांगली. तिथं बसून दहा फोटो निवडले. सगळे देखणे, एक सोडून. नाल्याच्या फोटोत गढूळ पाणी, शेवाळ, ते चार दगड आणि कडेला माझ्या फुटक्या टाचा. पानाची शोभा जात होती. तो गाळला. नऊ टाकले आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

आता तुम्हीच ते नऊ फोटो डोळ्यांपुढं आणा. खणला, सोलला, चिरला, राखेत उकळला, आणि पळसाच्या पानावर वाफाळता. वैशूला उत्तर पाठवलं, "बघ, पानावर टाकलं." शाबासकी मिळाल्यासारखी झोपले.

तिसरा दिवस, शिवरात्र

पहाटे एटापल्लीत रेंज नव्हती. तिथं असं होतं. साडेसहाच्या गाडीत बसले. आलापल्लीच्या स्टँडवर फोन थरथरला. वैशूचा रात्रीचा निरोप होता, सोबत फोटो. गॅसवर पातेलं, पातेल्यात पांढऱ्या चकत्या, मागं खिडकी.

"झालं ताई, अगदी तुमच्यासारखं. उद्या दर्शन झालं की सगळे फराळाला हाच घेऊ."

मी चहा बाकावर ठेवला. तिला लिहिलं, खाऊ नको. बोलून पाठवलं, खाऊ नको, फेक. ॲपवरूनच फोन लावला, वाजत राहिला. तिनं काही पाहिल्याची खूण येईना. तिचा नंबर माझ्याकडं नाही, आडनाव नाही, गल्ली नाही. ते नऊ फोटो आधी काढून टाकले. मग ह्यांना फोन लावला.

"तुम्ही वरोऱ्याले जा."

"मी ड्युटीवर हाव. अन् कोणाच्या घरी जाऊ?"

"वैशूच्या."

"कोण वैशू?"

"माहीत नाई."

"मंग वरोऱ्यात घरोघरी वैशू वैशू करत फिरू काय? तुले वेड लागलं काय वो?"

चंद्रपूरची गाडी सुटत होती, चढले. लिहिणं मला जमत नाही, पण फोटो पाहणं जमतं. तिचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. खिडकीबाहेर मोठ्या दिव्याच्या उजेडात पांढरा ढीग दिसत होता. कापूस. त्याच्यामागं पत्र्याचा लांब शेड, शेडच्या टोकाला तुटका निळा पत्रा. कापसाच्या कारखान्याच्या, जिनिंगच्या मागची गल्ली. तो फोटो पानावर टाकला, पातेल्यावर बोटानं लाल फुली मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठं वाक्य लिहिलं. "वरोरा. ही खिडकी कोनाची. हा कंद खाऊ नका माझी चुक झाली."

मग रेंज गेली. आष्टीपर्यंत जंगल, ट्रक आणि मी. पुढं एक ट्रक बंद पडला, गाडी अर्धा तास उभी. मी उतरून ड्रायव्हरजवळ गेले.

"भाऊ, काढा ना गाडी कडेनं."

"बाई, कडेला नाला हाय. तुमच्या घाईत चाळीस माणसं नाल्यात टाकू काय?"

त्यांचं बरोबर होतं. बसले. डोक्यात सारखं एकच, सगळे फराळाला. सगळे म्हणजे किती? घरात लेकरं असतील काय?

आष्टीला रेंज आली. छप्पन उत्तरं. "छान रेसिपी ताई." फुलं. "हर हर महादेव." हात जोडलेले. "खिडकी मस्त." फोटो सरकवायची सवय मीच लावलेली, वाक्य कोण वाचतं? खाली खाली जाता जाता एक सापडलं. "ती खिडकी आमच्या मागची दिसते. मी ज्योती, शिलाई करते." नंबर मागितला, लावला.

"ज्योती, तशीच उठ, त्या घरी जा."

ती फोन कानालाच धरून गेली. तिच्या चपलांचा आवाज ऐकत होते. मग म्हणाली, "ताई, कुलूप आहे. देवळात गेले असतील. खिडकीतून मोबाईल दिसून राह्यला, चार्जिंगले लावला आहे."

"पातेलं?"

"ओट्यावर आहे." खिडकीचा गज वाजला. "रिकामं आहे, ताई."

"देवळात कोणी ओळखीचं आहे काय?"

"मीच जाते सायकलनं."

गोंडपिपरी आली, गेली. उपवास माझाही होता. पिशवीतली केळी तशीच राहिली. चंद्रपूरला उतरून नागपूर गाडी पकडली तेव्हा ज्योतीचा फोन आला. "ताई, घरी नका जाऊ. सरकारी दवाखान्यात या. सासूनं दोन तुकडे खाल्ले, सगळ्यांच्या आधी. मी देवळात पोचली तवा बाकीच्यांनी डबे नुसते उघडले होते. पालथे केले."

वरोऱ्याच्या स्टँडवरून दवाखान्यापर्यंत ऑटो मिळतो, पण मी पळतच गेले.

वैशू दाराशी उभी होती. गुलाबाच्या फुलामागं पंचविशीची बारीक पोरगी निघाली. नवरा तिला म्हणत होता, "कोणतंबी पाहून काहीबी करते. माय गेली असती म्हणजे?" ती ऐकत होती. मला पाहून एवढंच म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं? नऊच्या नऊ फोटो तसेच केले मी."

डॉक्टरीण बाईंना कच्च्या कंदाचा फोटो दाखवला, वेलीच्या पानाचाही. त्यांनी मोठा करून पाहिला, किती खाल्लं, कधी खाल्लं विचारलं आणि आत गेल्या. मग तो गाळलेला दहावा फोटो काढला. पुसून टाकायचा आळस केला होता म्हणून फोनमध्ये राहिला होता. वैशूला दाखवला, तिच्या नवऱ्याला दाखवला.

"हा मधला आहे. चार दिवस नाल्यात ठेवा लागते. हे चार दगड म्हणजे चार दिवस. मी हा टाकला नाई."

"काऊन?" नवऱ्यानं विचारलं.

"माझे पाय घाण दिसत होते म्हणून."

मीच पुढं म्हटलं, "भाऊ, तिले बोलू नका. तिनं काहीच चुकवलं नाई. चूक माझी आहे, सगळी." असं मी ह्यांनाही कधी म्हटलं नाही, तीस वर्षांत.

संध्याकाळी सासूबाईंचं घुमणं उतरलं. सलाईन लावलेल्या हातानंच त्यांनी मला जवळ बोलावलं. जीभ अजून जड होती.

"तू व्हय काय ते फोटोवाली?"

"हो."

"मले पहिल्या तुकड्यालेच चुणचुण लागली होती. पोरीनं एवढ्या हौसेनं केलं, म्हणून दुसरा खाल्ला." मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी साबुदाणा शिकव."

घरी

घरी येऊन आता आठ दिवस झाले. प्रवासाचं विचाराल तर रस्ता खराब, माणसं चांगली, जायचं तर जरूर जा. एटापल्लीचं जंगल माझ्या घाईनं वाईट होत नाही. पण तो कंद माझे फोटो पाहून करू नका. चार दिवस मोजूनही नाही. मैनीबाईच्या बाजूला बसा, तिच्यासमोर जिभेला लावा, ती म्हणेल तर खा. जिभेवरची चुणचुण फोटोत येत नाही.

आजवर मी वाटेल तेवढं गाळत आले. वाळवण दोन दिवस उन्हात असतं, मी एक फोटो टाकायची. आंबील रातभर आंबते, मी पातेलं दाखवायची आणि वाटी दाखवायची. किती बायांचं काय काय बिघडलं असेल, त्यांनी मला सांगितलंही नसेल, आपलंच चुकलं समजून गप्प बसल्या असतील वैशूसारख्या.

काल सुनीता एटापल्लीच्या बाजाराला आली होती, तिचा फोन आला. तिनं सगळं मैनीबाईला सांगितलं होतं.

"आई काय म्हणाली?"

"काई नाई. म्हातारी कशी आहे, एवढंच विचारलं दोनदा."

फोन ठेवला आणि कंद पुन्हा पानावर टाकला, सगळ्यावर लाल फुली मारून, काय खाऊ नये ते कळावं म्हणून. उकळण्याच्या फोटोनंतर नाला टाकला. मग पुन्हा तोच नाला. मग पुन्हा. मग पुन्हा. गढूळ पाणी, चार दगड, माझ्या टाचा.

थोड्या वेळानं नागपूरच्या एका बाईनं खाली लिहिलं, "ताई, चुकून एकच फोटो चारदा आला."

मी एकेक अक्षर शोधत उत्तर लिहीत होते. माझं अर्धंही झालं नव्हतं, तेवढ्यात खाली गुलाबाचं फूल उगवलं.

"चुकून नाई आला बाई. ते चार दिवस आहेत."