आसेगावात उलटा पडलेला काटा

प्रिय ओवी आणि चिन्मय,

फाल्गुनातल्या एका सकाळी सव्वासहाला आम्ही अकोल्याहून निघालो. आजोबांची लाल विलायती गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, वयाने आमच्या लग्नाहून मोठी. छप्पर उघडेच ठेवायचे असा आजोबांचा नियम, म्हणून मी डोक्याला स्कार्फ घट्ट बांधला होता. पाण्याच्या दोन बाटल्या, चहाचा थर्मास, टॉर्च आणि गाडीचे इंग्रजी माहितीपुस्तक, सगळे यादीप्रमाणे पायाशी ठेवले होते.

मागच्या सीटऐवजी असलेल्या फळीवर खोक्यात नवा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारे वीजयंत्र, होता. गाडीतला जुना डायनामो पुरेशी वीज तयार करत नसे. दिवे लावले की बॅटरी उतरायची. वर्षभरात तीनदा आम्ही कुणाच्या तरी टेम्पोला दोर बांधून घरी आलो. तिसऱ्यांदा मी आजोबांना स्पष्ट सांगितले, "अल्टरनेटर बसवून पाहा. तेवढ्यानेही भागले नाही, तर गाडी विकायची." नागपूरचे एक गृहस्थ ती घ्यायला तयार होते. त्यांना शोधले होते मीच. आजोबा "बरं" म्हणाले आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

पातूरला आम्ही आलूबोंडा (आपला बटाटेवडा) खाल्ला. पुढच्या घाटात पळस फुलला होता. उघड्या गाडीतून जाताना ती केशरी झाडे अगदी अंगावर येतात. एका वळणावर माकडांनी रस्ता अडवला. आजोबांनी हॉर्न दाबला, तर गळा बसलेल्या कोंबड्यासारखा आवाज निघाला. माकडे जागची हलली नाहीत. आम्ही दोघेही इतके हसलो की त्यांनीच शेवटी घाबरून वाट दिली.

वाशीम मागे टाकून दहाच्या सुमाराला आसेगावला पोहोचलो. ट्रॅक्टरच्या विजेच्या कामात गजूभाऊंचा हात धरणारा कोणी नाही, असे आजोबांच्या मित्राने सांगितले होते. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ट्रॅक्टर आधीच उभा होता आणि त्याच्या मालकीणबाई, शेवंताबाई, खाटेवर बसल्या होत्या.

गजूभाऊंनी बॉनेट उघडून आत डोकावले. "काका, म्हातारं हाय पण तब्येत झकास हाय! डायनामो काहून ठेवला आतापर्यंत?"

"प्रेमापोटी," आजोबा म्हणाले.

गजूभाऊ लगेच पाने काढू लागले, तेव्हा मी थांबवले. "आधी या बाईंचा ट्रॅक्टर. त्या आमच्याआधी आल्यात."

"अवो काकू, माहा हरभरा उद्या काढाचा हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "आज मले टाइमच टाइम हाय. असी गाडी गावात कवा येते?"

तरीही मी नंबर मोडू दिला नाही. ट्रॅक्टर होईपर्यंत शेवंताबाईंनी आपला डबा उघडला. आदल्या दिवशी त्यांच्या शेतात नवसाचे जेवण होते. त्यातले उरलेले रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी. रोडगा हाताने कुस्करून त्यावर तूप ओतायचे. मी दोन खाल्ले. हे तुमच्या आईला सांगू नका.

मग आमचे काम निघाले. मी माहितीपुस्तक वाचून दाखवले, की या गाडीत बॅटरीची प्लसची तार गाडीच्या अंगाला जोडलेली आहे.

"अन् आपल्या अल्टरनेटरले मायनस लागते अंगाले," गजूभाऊ म्हणाले. "बरं झालं काकू, वाचलं. नाईतर आता जळाला असता." त्यांनी बॅटरी फिरवून तारा बदलल्या. अल्टरनेटर धरायला पट्टी हवी होती. शेवंताबाईंनी शेजारच्या घरून वखराची झिजलेली पास (आडवे लोखंडी पाते) मागून आणली. गजूभाऊंनी ती कापली, भोके पाडली आणि अल्टरनेटर तिच्यावर असा बसला, जणू विलायतेतही वखर चालवतात.

नारळ फोडल्याशिवाय नवे यंत्र सुरू करायचे नाही, असा शेवंताबाईंचा हुकूम झाला. नारळ फुटला. आजोबांनी चावी फिरवली. इंजिन गुरगुरले आणि समोरच्या तबकडीवर वीज दाखवणारा काटा थेट मायनसकडे गेला. म्हणजे बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत होती.

वीज मोजायचे गजूभाऊंचे यंत्र त्यांच्या भावाने किन्हीराजा गावाला नेलेले. आजोबांनी रुमालाने हात पुसले, एकेक बोट सावकाश. "चल," ते मला म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. त्या गृहस्थांना फोन कर."

फोन माझ्या हातात होता. तेवढ्यात माझ्या मनात आले, की बॅटरी फिरवली, पण या तबकडीच्या तारा कोणी फिरवल्या? खरे सांगते मुलांनो, एक मिनिट मी बोलले नाही. गप्प राहिले असते, तर दोर, टेम्पो, सगळे संपले असते. पण आजोबा गाडीकडे न बघता रस्त्याकडे बघत होते.

"गजूभाऊ," मी म्हणाले, "इंजिन बंद करा आणि नुसते दिवे लावा."

इंजिन बंद. दिवे चालू. आता वीज फक्त खर्च होत होती, आणि काटा गेला प्लसकडे!

गजूभाऊंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! सारं फिरवलं अन् काटाच तसा ठेवला!"

"काका," शेवंताबाई म्हणाल्या, "इतकी हुशार बायको घरात, अन् तुमी आसेगावात मिस्तरी धुंडून राह्यले?"

तबकडीमागच्या दोन तारांची अदलाबदल झाली. इंजिन सुरू होताच काटा प्लसकडे सरकला आणि तिथेच राहिला. आजोबांनी हॉर्न इतका वाजवला, की शाळेतली मुले कुंपणाशी धावली. मग शेवंताबाईंना बसवून गावातून एक चक्कर मारली. मी शेडमध्ये थांबले, कारण जागा दोघांचीच.

परतताना घाटात दिवस मावळला. आजोबांनी दिवे लावले. वळणावळणावर उजेडात पळस यायचे, जायचे. मी टॉर्च काढलाच नाही. इतक्या वर्षांत या गाडीत मी बॅटरीची काळजी करत बसत असे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नुसती बसले. फार छान वाटले.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरच्या गृहस्थांना फोन केला आणि गाडी विकायची नाही असे कळवले. त्यांनी कारण विचारले.

"पुढच्या महिन्यात ती चिखलदऱ्याला जायची आहे," मी सांगितले.

आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतले. त्यांनाही हे तेव्हाच कळले.