जांभळ्या खुणा

ही हकिकत मी पुष्कळ वर्षं टाळली. घरात कुणी माझ्या नोकरीचा विषय काढला की मी बदल्यांबद्दल बोलायचो, खात्याच्या परीक्षांबद्दल बोलायचो, बेंगळुरातल्या त्या काळच्या थंडीबद्दल बोलायचो. अण्णांबद्दल कधीच नाही. आता सत्त्याऐंशीव्या वर्षी टाळायलाही फारसा वेळ उरलेला नाही, म्हणून लिहितो.

अण्णा म्हटलं की मला आधी त्यांचा उजवा हात दिसतो. तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत खुपसलेला. डोळे मिटलेले, वैद्यानं नाडी बघावी तसे. हात बाहेर यायचा, मूठ उघडायची, तळाचा तांदूळ वरच्याशी ताडून बघितला जायचा. मग ते कॉपिंग पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे आणि नोंदवहीत बरोबरची जांभळी खूण करायचे. संध्याकाळपर्यंत जीभ जांभळी झालेली असायची.

"अण्णा, जांभळं खाल्लीत का?" आम्ही विचारायचो.

"सरकारी जांभळं. स्वल्प कडू असतात."

सरकारी कचेऱ्यांचे हिशेब आणि कोठारातला माल तपासायचा, हे आमच्या खात्याचं काम. साठ सालच्या आगेमागे मी निपाणीकडून नवा लागलो, तेव्हा अण्णा तीस वर्षं मुरलेले लेखापरीक्षक होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. चिकपेटेतल्या कापडदुकानांच्या मागच्या बोळात, माडीवर राहायचे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. पहिले आठ दिवस मला हसू आवरत नव्हतं. त्यांना ते कळत होतं.

"तू पुस्तकातलं बोलतोस रे," ते म्हणाले. "मीठच नाही त्याला. रविवारी घरी ये, अक्का जेवायला घालेल आणि बोलायलाही शिकवेल."

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यानंतर माझा एकही रविवार खाणावळीत गेला नाही.

तुम्हीही कचेऱ्यांतून अशी माणसं पाहिली असतील. कामापुरती हेकट, एरवी लोण्यासारखी. तपासणीला गेल्यावर अण्णा तिथल्या कुणाची कॉफीसुद्धा घेत नसत. मी माल बघून आलो की त्यांचा एकच प्रश्न असे, "कोपरापर्यंत गेलास का?" आणि पेन्सिल ते कुणाला देत नसत. "ही खूण म्हणजे माझं तोंड आहे. ते उसनं कसं देऊ?"

एकदाच दिली. मला.

के. आर. पुरमच्या बाजूला एका सरकारी वसतिगृहाचं कोठार तपासायचं होतं. बहुतेक माल अण्णांनी आदल्या दिवशी बघितला होता. राहिले होते घोंगड्यांचे गठ्ठे. त्याच सकाळी अक्कांना डोळ्यांच्या इस्पितळातून घरी सोडणार होते. मोतीबिंदू काढला होता, डोळ्यांवर पट्टी होती, आणायला दुसरं कुणी नव्हतं. अण्णांनी रजा मागितली, ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी न सांगताच जायचं ठरवलं. एका वहीत दोघांच्या खुणा दिसल्या असत्या तर वरून विचारणा झाली असती. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्या हातात ठेवली.

"गठ्ठे उसवून बघ. कोपरापर्यंत जा. मी आलोच दुपारपर्यंत."

गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते, सुतळीनं शिवलेले. पहिल्याला हात लावताच धुळीनं शिंका सुटल्या. कोठाराचा कारकून म्हणाला, "सर, हे आम्ही सकाळीच मोजलेत. बाहेर झाडाखाली खुर्ची टाकतो." मी बाहेर बसलो. पिशवीत परीक्षेचं पुस्तक होतं. मी वाचत होतो तो धडा कोठारातला माल कसा पडताळावा याचाच होता. तो संपवून मी पेन्सिल जिभेला लावली आणि साऱ्या खुणा करून टाकल्या.

अण्णा घामाघूम होऊन परतले. "झालं?"

"झालं."

"सगळे उसवलेस?"

"सगळे, अण्णा."

त्यांनी वहीवर सही केली.

थंडीत गठ्ठे वाटायला काढले तेव्हा वरखाली घोंगड्या आणि मध्ये गोणपाटाचे तुकडे निघाले. चौकशी लागली. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि वही पुढे सरकवली.

"या खुणा तुमच्या?"

"पेन्सिल माझी आहे," अण्णा म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही तिथे होतात. गठ्ठे कुणी मोजले?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. मी खरं सांगणार याची त्यांना खात्री होती. नोकरीत कायम व्हायला माझे दोन महिने उरले होते.

"अण्णांनीच मोजले, सर. मी वही धरली होती."

अण्णा कन्नडमध्ये "सरी," ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि उठले.

बाहेर जिन्यापाशी त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही.

"घाबरलास ते समजलं मला. मी पळून गेलो होतो, सांगायचं होतंस ना तसं. ते खरं आहे. त्याची शिक्षा मी घेतली असती. पण न मोजता खुणा केल्या, हे माझ्या नावावर नको होतं रे. मी आत्ता आत जाऊन तुझं नाव घेऊ शकतो. पण ते तू सांगावंस. उद्या सांगशील?"

"सांगतो, अण्णा."

उद्या मी गेलो नाही. परवाही नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीत मला दाराशी बघून ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "या, बसा." पुन्हा त्यांनी मला कधी 'अरे' म्हटलं नाही.

त्यांची अधीक्षकपदाची बढती गेली. जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं त्यांना. मी कायम झालो, परीक्षा पास झालो, पुढे अधिकारी झालो. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण मीच केलं. त्यांच्या सचोटीबद्दल बोललो. अण्णा हार हातात घेऊन खाली बघत होते.

ते निवृत्त झाल्यावर एकदा धीर करून मी चिकपेटेतली ती माडी चढलो. अण्णा बाहेर गेले होते. अक्कांनी जाड भिंगांतून मला ओळखलं, बसवलं, कॉफी दिली.

"किती वर्षांनी आलास," त्या म्हणाल्या. "त्या चौकशीनंतर हे बदललेच बघ. मला कधी काही सांगत नाहीत. पण मला का समजत नाही? मला न्यायला यायच्या घाईत त्यांची मोजणी चुकली. माझ्या डोळ्यांपायी घालवलं त्यांनी नाव. मला रोज वाटतं, ते ऑपरेशन करायलाच नको होतं."

कपातली कॉफी तशीच होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि अण्णा आत आले. मला बघून दारातच थांबले.

"या, साहेब," ते म्हणाले. "बसा, बसा."

"निघालोच होतो," मी म्हणालो आणि उठलो. त्यांनी अडवलं नाही.

पुढच्याच वर्षी अण्णा गेले. मी तेव्हा बदलीवर होतो. अक्का त्यांच्यामागे बरीच वर्षं होत्या. मी बेंगळुराला परत आलो, निवृत्तही झालो, चिकपेटेतून कितीदा तरी गेलो. ती माडी चढलो नाही. जे म्हणायचं होतं ते काही फार मोठं नव्हतं. अक्का, तुमच्या डोळ्यांपायी काही झालं नाही. अण्णांची मोजणी चुकली नव्हती, ती त्यांनी केलीच नव्हती. माझ्यावर सोपवली होती, आणि मी झाडाखाली बसून होतो. मला माफ करा.